डोंगरातला प्रथमोपचार : कुठला कोर्स घ्यावा?



तेहेतीस वर्षं मी मुंबईच्या एका हॉस्पिटलात नर्स होते. त्यामुळे आमच्या फुनाबोरीच्या मंडळींनी प्रथमोपचाराचा कोर्स निवडायचं काम माझ्या गळ्यात घातलं यात नवल नाही. "आजी, तुम्हीच सांगा ह्यातला कुठला चांगला," असं म्हणून चार-पाच माहितीपत्रकं माझ्यापुढे आणून ठेवली. काही इंग्रजीत, काही जपानीत. जपानी सूनबाईने वाचून दाखवली. हे काम दोन महिने चाललं. त्यात जे कळलं ते इथे लिहिते, कारण आपल्या पुष्कळांची नातवंडं हल्ली डोंगर चढतात, वाळवंटात तंबू ठोकतात, आणि आपण म्हातारी माणसं घरी बसून फोन कधी वाजतो त्याची वाट बघतो.

फुनाबोरी कुठे आहे ते आधी सांगते. टोकियो शहराच्या पूर्वेला एदोगावा नावाचा विभाग आहे, मुंबईच्या वॉर्डासारखाच पण बराच मोठा. त्यात आराकावा आणि नाकागावा या नद्यांच्या काठाला फुनाबोरी. जवळच्या निशीकासाईत आणि आमच्या इथे भारतीय माणसं पुष्कळ, बहुतेक कंप्युटरच्या नोकरीवाली. आपल्या महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक २०१९ साली एदोगावाच्या सभेवर निवडूनसुद्धा आले होते. माझा मुलगा असाच नोकरीनिमित्त इथे आला. मी ठाण्याची, पण ह्यांच्या पश्चात मुलाकडेच राहते. स्टेशनासमोर टॉवर हॉल आहे, ११५ मीटर उंच. १०३ मीटरवर सज्जा आहे आणि वर जायला पैसे पडत नाहीत, म्हणून आमच्यासारख्या रिकामटेकड्या आज्यांचा तो आवडता अड्डा! हिवाळ्यात सकाळी हवा स्वच्छ असली की पश्चिमेला फुजी दिसतो आणि त्याच्या अलीकडे निळ्या डोंगरांच्या रांगा. त्या रांगांनीच आमच्या मंडळींना नाद लावला.

बारा-पंधरा कुटुंबं मिळून महिन्यातून एकदा डोंगरावर जातात. सुरुवात ताकाओपासून झाली. तो अवघा ५९९ मीटरचा, वाटेत खाण्याची दुकानं, लहान मुलंसुद्धा चढतात. मग पाय सरावले आणि ओकुतामाकडे जाऊ लागले. तिकडे कुमोतोरी हा टोकियोतला सर्वात उंच डोंगर आहे, २०१७ मीटर. तिकडे दुकानं नाहीत, वाट अरुंद, आणि खोल दरीत मोबाईलची रेंज जाते.

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात तिथल्याच एका वाटेवर, उतरताना, एकाचे नाशिकहून आलेले वडील ओल्या पानांवरून घसरले. वय बासष्ट. घोटा मोडला. वेळ दुपारची अडीच. दोघे जण रेंज शोधत खाली धावले, ११९ ला फोन लागला, आणि सुटका करणारी माणसं पायी चढून वर आली तोवर साडेतीन तास झाले होते. नोव्हेंबरात इथे साडेचारला सूर्य मावळतो. सगळ्यांनी आपापली जाकिटं त्यांच्या अंगावर घातली तरी त्यांचं कुडकुडणं वाढतच गेलं. एकाने विचारलं, कुणाकडे ब्रँडी आहे का? नव्हती ते बरंच झालं. आपल्या जुन्या माणसांचा ब्रँडीवर फार विश्वास, पण दारूने कातडीखालच्या शिरा रुंदावतात, क्षणभर ऊब वाटते आणि आतली उष्णता उलट लवकर बाहेर जाते. सुटकेवाल्यांनी आल्या आल्या पहिली गोष्ट काय केली? त्यांना उचलून खाली जाड चटई सरकवली. इतका वेळ ते ओल्या जमिनीवर बसले होते, आणि गारवा खालूनच शिरत होता.

पाय जुळून आला, गृहस्थ नाशिकला सुखरूप गेले. पण त्या रात्री मुलगा जेवला नाही. म्हणाला, "आई, आम्ही अठरा जण होतो गं. अठरातल्या एकालाही काही येत नव्हतं."

मी त्याला काय सांगणार? माझ्यापुढे असा पेशंट आला असता तो स्ट्रेचरवरून, उबदार वॉर्डात आला असता. मी हात पुढे केला की कात्री हातात, डॉक्टर हाकेच्या अंतरावर. पडल्यापासून दारात येईपर्यंतचे तास आम्हा नर्सांच्या शिक्षणात फारसे नव्हतेच. हे कोर्स त्या तासांसाठी असतात.

अमेरिकेत १९७० च्या दशकात काही डॉक्टरांनी आणि गिर्यारोहकांनी हे वेगळं शिक्षण सुरू केलं. त्यांच्या लेखी आडरान म्हणजे काय, तर जिथून खरे उपचार मिळायला एका-दोन तासांपेक्षा जास्त वेळ लागतो ती जागा. झाडं असोत की नसोत. मोजायचा तो वेळ. मला ही व्याख्या फार पटली, कारण आपला कोकण आठवला. आपल्या वाडवडिलांच्या गावी, अलिबाग-रेवदंड्याकडे, पेण-पनवेलकडे, पूर्वी विंचू चावला की माणसाला डोलीत किंवा बैलगाडीत घालून तासन्‌ तास न्यावं लागे. महाडकडे डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या विषावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून कितीतरी जीव वाचवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्यांच्यापर्यंत पेशंट जिवंत पोचायला तर हवा ना! मधल्या वाटेवर गावकरी जे करत ते बरेचदा घातक. साप चावला की वर दोरी करकचून आवळायची, ब्लेडने चीर द्यायची, तोंडाने ओढायचं. मुलांनो, यातलं काहीही करायचं नसतं बरं का. माणसाला शांत निजवायचं, चावलेला हात किंवा पाय हलणार नाही असा फळीला बांधायचा, अंगठी-बांगडी सूज चढण्याआधी काढायची आणि हॉस्पिटल गाठायचं.

आणि हे जुनं झालं असंही नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. पावसात, अंधारात डोंगर पायी चढून जावं लागलं, आणि आधी पोचलेल्यांत तिथल्या ट्रेकिंगवाल्या संस्थांची पोरं होती. मदतीला चढणारा अग्निशमन दलाचा एक अधिकारी वाटेतच हृदयविकाराने गेला. अँब्युलन्स पायथ्याशी उभ्या होत्या.

तर आता कोर्सांकडे वळू.

सर्वात छोटा कोर्स टोकियोच्या अग्निशमन दलाचा. इथे अँब्युलन्स अग्निशमन दलच चालवतं, म्हणून शिकवतंही तेच. 'फुत्सू क्यूमेइ कोशू' म्हणजे साधा जीवरक्षणाचा वर्ग, तीन तासांचा. छाती दाबणं, श्वास देणं, एईडी यंत्र वापरणं, गळ्यात अडकलेला घास काढणं, रक्त थांबवणं. मिळणारं कार्ड तीन वर्षं चालतं. एईडी म्हणजे बंद पडू पाहणाऱ्या हृदयाला विजेचा झटका देणारं पेटीएवढं यंत्र. जपानात २००४ सालापासून ते कुणीही सामान्य माणसाने वापरायला परवानगी आहे आणि स्टेशनात, शाळेत, टॉवर हॉलमध्येसुद्धा ते असतं. याच्या वरचा वर्ग आठ तासांचा. रेडक्रॉसचेही वर्ग असतात.

हे उत्तम आहेत, पण एक गोष्ट धरून चालतात की अँब्युलन्स निघालेली आहे. तिकडे इस्रायलमध्ये आपली नातवंडं पंधराव्या वर्षी मागेन डेव्हिड अडोमचा साठ तासांचा कोर्स करतात, त्याचा मला फार अभिमान आहे. पण तोही गाडीबरोबरच्या कामासाठी. हातात ऑक्सिजन, वर भोंगा, पुढे हॉस्पिटल. अराद किंवा एन गेदीच्या सुटका पथकातल्या माणसांना विचारा, कपारीत अडकलेल्या माणसापाशी रात्र काढणं म्हणजे काय असतं.

आडरानातल्या प्रथमोपचाराच्या, म्हणजे 'विल्डरनेस' म्हणतात त्या कोर्सांच्या साधारण तीन पायऱ्या. पहिली दोन दिवसांची, सोळा-वीस तास. दुसरी चार-पाच दिवसांची. तिसरी आठ-दहा दिवसांची, सत्तर-ऐंशी तास. ही तिसरी डोंगरातले वाटाडे, छावण्या चालवणारे वगैरे लोक करतात. कार्डं दोन-तीन वर्षांनी नवी करावी लागतात. मूळ अमेरिकन संस्थांचे हे अभ्यासक्रम जपानात जपानी भाषेत चालतात. भारतातही होतात, मसुरीला वुडस्टॉक शाळेच्या हनीफल केंद्रात मोठा कोर्स इंग्रजीत झालेला आहे.

माझ्या मुलाचं मन त्या मोठ्यावर. "करायचं तर पूर्ण करावं. दहा दिवस रजा काढतो, मसुरीला जातो, येताना ठाण्यालाही जाऊन येतो." पुरुषमंडळींना मोठं सर्टिफिकेट दिसलं की दुसरं काही दिसत नाही, असं माझं आपलं मत आहे. मी विचारलं, "दहा दिवस शिकून येशील, आणि पुढच्या महिन्यात पाय तुझाच मोडला तर?" तो हसला, पण मुद्दा त्याला लागला. अठरा जणांच्या गटात एकाला सगळं येण्यापेक्षा चौघांना थोडं थोडं येणं मला बरं वाटतं. एक पेशंटजवळ, एक फोनला, एक मुलांना सांभाळायला, आणि चौथा त्या तिघांतला कुणी पडला तर.

मग माहितीपत्रकं परत वाचायला घेतली, तेव्हा सर्टिफिकेटावरचं नाव सोडून इतर गोष्टी बघू लागले. वर्गात किती वेळ आणि बाहेर मातीत किती वेळ? एकात सगळंच हॉलमध्ये, पडद्यावर चित्रं. तो बाजूला काढला. एका शिक्षकामागे विद्यार्थी किती? आम्ही नर्सिंग शिकलो तेव्हा बँडेज पाहून कुणालाच आलं नव्हतं, सिस्टरने हात धरून दहादा सोडायला लावलं तेव्हा आलं. शिक्षक स्वतः डोंगरावर सुटकेला गेलेला आहे का? अंधारात, थंडीत, पावसात सराव असतो का? आणि माझा आवडता प्रश्न : जवळ असलेल्या वस्तूंनी काम भागवायला शिकवतात, की कपाटभर सामान धरून चालतात? काठी, ओढणी, पाठपिशवीची पट्टी, यांनी पाय बांधता आला पाहिजे. नुसता कंप्युटरवर बघून दोन तासांत कार्ड देणाराही एक होता, स्वस्तात स्वस्त. एका काकांना तोच पसंत पडला होता. मी म्हटलं, काका, तुमच्या जावयाने कंप्युटरवर बघून पोहायला शिकल्याचं सांगितलं, तर तुम्ही त्याच्या हाती नातू द्याल का? काका गप्प.

कायद्याचाही विचार करावा लागतो. अमेरिकन पुस्तकात लिहिलेलं सगळं दुसऱ्या देशात सामान्य माणसाने करावं असं होत नाही. निखळलेला खांदा बसवणं, इंजेक्शन देणं, ही इथे डॉक्टरी कामं. म्हणून नाव नोंदवायच्या आधी शिक्षकाला विचारून घ्यावं की ह्यातलं मला ह्या देशात किती करता येईल. आमच्या सूनबाईने ईमेलने विचारलं तेव्हा एका ठिकाणाहून मुद्देसूद पानभर उत्तर आलं, एका ठिकाणाहून आभाराचे दोन शब्द. त्यावरूनही काय ते कळतं.

भाषेवर घरात खूप बोलणं झालं. इंग्रजीत शिकणं आमच्या बहुतेकांना सोपं, हे खरं. पण इथे मला एक रात्र आठवते ती सांगते.

एदोगावातली सुमारे सत्तर टक्के जमीन भरतीच्या समुद्रपातळीच्या खाली आहे. २०१९ च्या मे महिन्यात विभागाने घरोघर पुराचा नकाशा वाटला, त्याच्या मुखपृष्ठावरच छापलं होतं की इथे थांबून चालणार नाही. स्वतःच्याच रहिवाशांना असं सांगणारी नगरपालिका मी जन्मात पाहिली नव्हती! आत लिहिलं होतं की मोठा पूर आला तर पाणी एक-दोन आठवडे किंवा जास्तही राहील. आणि पाचच महिन्यांत, शनिवार १२ ऑक्टोबर २०१९ ला, हागिबिस वादळ आलं. विभागाच्या मोठ्या भागाला घर सोडण्याची सूचना मिळाली, त्यात आम्हीही. किप्पूर होऊन तीन दिवस झाले होते, दुसऱ्या संध्याकाळी सुक्कोथ. त्या शब्बाथला आम्ही पाच वर्षांच्या नातवाला घेऊन शाळेच्या जिममध्ये लाकडी फरशीवर होतो. सुदैवाने नदी आत आली नाही. पण रात्री एका म्हाताऱ्या जपानी बाईंना चक्कर येऊन त्या कोसळल्या. बाहेर वारा असा की अँब्युलन्सला वेळ लागणार हे उघड होतं. मी धावले. नाडी पाहिली, पाय उंच केले, सगळं केलं, पण त्यांना कुठे दुखतंय, सकाळपासून काही खाल्लंय का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे मला विचारताच येईना. तेहेतीस वर्षांची नर्स आणि तोंडाला कुलूप. शेजारी बसलेला टोफूचा दुकानदार पुढे आला. त्याने तोच तीन तासांचा कोर्स केलेला होता. त्याने हळू आवाजात चार प्रश्न विचारले आणि कळलं की बाईंना मधुमेह आहे, इन्सुलिन घेतलंय आणि भीतीने जेवल्या नाहीत. बाई गिळण्याइतपत शुद्धीवर होत्या, म्हणून साखरेचं पाणी दिलं. वीस मिनिटांत उठून बसल्या आणि मलाच वाकून आभार मानायला लागल्या.

म्हणून मी म्हटलं, कोर्स जपानीतच घ्यायचा. डोंगरावर ११९ वर बोलायचं जपानीत, सुटकेवाल्यांना हकिगत सांगायची जपानीत, आणि उद्या वाटेत पडलेला माणूस आपल्याच गटातला असेल असं कुठे आहे? टोकियोत ११९ वर दुभाष्याची सोय आहे, ते खरं, पण रेंज एक दांडी असताना दुभाष्याची वाट कोण बघणार? फोन उचलल्यावर ते पहिला प्रश्न विचारतात : "काजी देस का, क्यूक्यू देस का?" काजी म्हणजे आग, क्यूक्यू म्हणजे अँब्युलन्स. आपल्याकडे काजी म्हणजे केवढा मान! माझ्या आजीच्या काळी लग्न-सुंता काजीशिवाय होत नसे. इथे "काजी, काजी" ओरडलात तर दारात बंब येईल. लहान मुलांनी हे पाठ करून ठेवावं. जपानात ११९, तुमच्या तिकडे १०१, महाराष्ट्रात १०८.

जपानी सर्वात चांगलं येतं ते सूनबाईला. शिवाय डोंगरावर ती नेहमी शेवटी चालते, रडणाऱ्या पोरांना आणि दमलेल्या पाहुण्यांना घेऊन. पडणारा माणूस बहुतेक मागच्यांतलाच असतो, पुढे पळणाऱ्याला ते कळतही नाही. तरी "तू जा" असं तिला कुणीच म्हटलं नव्हतं. चर्चा चालायची ती पुरुषांत, आणि ती चहा आणून द्यायची. मी एकदा बशी बाजूला ठेवून म्हटलं, "हिला पाठवा." ती लाजून म्हणाली, "आई, मला रक्त बघून चक्कर येते." मी म्हटलं, "मलाही यायची. पहिले तीन महिने."

आता वाराची अडचण. दोन दिवसांचे कोर्स बहुधा शनिवार-रविवारी. जीव वाचवायला शब्बाथ मोडावा, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलंय, त्यात वाद नाही. पण शिकायला मोडावा का? मुलगा म्हणाला, शिकणं हे त्याचाच भाग. मला तसं वाटत नव्हतं, दुसरा दिवस मिळत असेल तर मिळवावा. सूनबाईने वाद न घालता कॅलेंडर काढलं. इथे बऱ्याच सणांची सुट्टी सोमवारी धरतात, म्हणून रविवार-सोमवार असा एक वर्ग सापडला. दीड महिना थांबावं लागलं, त्या दीड महिन्यात गट ताकाओच्या पलीकडे गेला नाही.

पैशांचं थोडक्यात. अग्निशमन दलाच्या वर्गाला किरकोळ फी. विल्डरनेस कोर्स महाग असतात, दोघांचे पैसे सगळ्या कुटुंबांनी वर्गणी काढून भरले. त्याच बैठकीत डोंगराचा विमाही उतरवला. शेजारच्या सैतामा प्रांताने २०१८ पासून काही डोंगरांवर त्यांच्या हेलिकॉप्टरने सुटका केली तर उडालेल्या वेळेप्रमाणे पैसे घ्यायला सुरुवात केली, तेव्हा दर पाच मिनिटांना पाच हजार येन होते.

शेवटी ठरलं ते असं. दोन दिवसांचा कोर्स सूनबाई आणि एका तमिळ कुटुंबातली कॉलेजात जाणारी मुलगी. पाच दिवसांचा, पुढच्या वर्षी, माझा मुलगा, पण अट अशी की तोवर त्याने जपानीची परीक्षा द्यायची. दहा दिवसांचा कुणीच नाही. आम्ही वाटाडे नाही, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणारी माणसं आहोत, आणि जिथे दहा दिवसांचं शिक्षण लागेल अशा जागी मुलांना घेऊन जाऊच नये. तीन तासांचा वर्ग मात्र घरटी किमान एकाने करायचा. तो डोंगरासाठी जेवढा तेवढाच फुनाबोरीसाठी. पुराचं सांगितलंच. ११ मार्च २०११ च्या भूकंपात गाड्या बंद पडल्या तेव्हा मुलगा कामावरून पाच तास चालत घरी आला होता. त्या वेळी इस्रायलचं वैद्यकीय पथक पार उत्तरेकडे मिनामिसानरिकूला येऊन दवाखाना उघडून बसलं होतं, हे तुमच्यापैकी कित्येकांना आठवत असेल. तसं काही झालं तर शहरातही एक-दोन तासांत कोण येणार? मग टॉवर हॉलच्या सावलीतसुद्धा आडरानच.

आमच्या घरून तो वर्ग मी केला. एकाहत्तराव्या वर्षी गुडघ्याखाली उशी घेऊन. बाहुल्याची छाती मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाबायची. दोन मिनिटांत माझा श्वास फुलला, तेव्हा तरुण शिक्षक म्हणाला (सूनबाईने अर्थ सांगितला), दमलात की हाक मारून दुसऱ्याला द्या, तेही शिकायचंच असतं. आमच्या वेळी डॉक्टर सांगत तो वेग आणि आकडे वेगळे होते. बरंच बदललंय. तुमच्यात माझ्यासारख्या निवृत्त नर्सा खूप आहेत, हे मी जाणून आहे. आपलं शिक्षण पक्कं होतं, पण एकदा जाऊन बसा वर्गात.

सूनबाई दोन दिवसांनी आली ती चिखलाने माखलेली, आवाज बसलेला. तिला काय काय येऊ लागलंय ते मी नर्सच्या डोळ्यांनी तपासलं. पेशंटकडे धावण्याआधी ती आता थांबते, वर बघते, दगड पडतोय का, गांधीलमाश्यांचं पोळं आहे का. इथल्या मोठ्या गांधीलमाश्यांनी दरवर्षी माणसं दगावतात. अस्वलांची भीतीही वाढलीय, २०२५ साली तर दहाच्या वर माणसं त्यांनी मारली. मग डोक्यापासून पायापर्यंत हात फिरवून तपासते, आणि सगळं वहीत लिहिते : काय झालं, काय दिसलं, काय केलं, किती वाजता. दर पंधरा मिनिटांनी परत. आमच्या वॉर्डातल्या चार्टसारखंच, फक्त पावसात न भिजणाऱ्या कागदावर. कुडकुडणाऱ्या माणसाचं कुडकुडणं थांबलं म्हणजे तो बरा झाला असं समजायचं नाही, अंगातली शक्ती संपल्यामुळेही ते थांबतं, हे तिने मला समजावून सांगितलं. मी माहीत नसल्यासारखं ऐकून घेतलं.

आणि मग सराव कुणावर? माझ्यावर! दिवाणखान्यात ताडपत्री पसरली, तिच्यावर चटई, चटईवर झोपायची पिशवी, पिशवीत मी, काखेशी गरम पाण्याच्या बाटल्या, आणि चारी बाजूंनी घट्ट गुंडाळून फक्त नाक-डोळे बाहेर. नातू म्हणाला, "आजीची सुरळीची वडी झाली." तो घड्याळ लावून बसला होता. पहिल्यांदा अकरा मिनिटं लागली, तिसऱ्यांदा सात. मी आतून सूचना द्यायला लागले तर सूनबाई म्हणाली, "आई, पेशंटने बोलायचं नसतं." पुढच्या रविवारी परत करायचं आहे, या खेपेला दिवे घालवून.